जुनी डिझेल गाडी मोडीत काढून नवी घेताना: खान्देशातील वाहनधारकांसाठी सरकारी सवलतींचे मार्गदर्शन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत बाजार समितीकडे जाणारा शेतमाल, गावोगावचा किराणा आणि बाजारच्या दिवशीची माणसे यांची बरीचशी ने-आण आजही जुन्या डिझेल ॲपे, पिकअप आणि काळी-पिवळी गाड्यांवर चालते. या गाड्यांचा धूर गाव आणि शहर दोघांनाही सोसावा लागतो, आणि पासिंगचा खर्चही दरवर्षी वाढत जातो. अशा गाड्या रस्त्यावरून हटवण्यासाठी केंद्र आणि राज्य सरकारने गेल्या काही वर्षांत बराच पैसा बाजूला काढला आहे. परंतु तो नेमका कोणत्या मार्गाने आपल्यापर्यंत पोहोचतो, हे एका ठिकाणी कोणी सांगत नाही. मी स्वतः जुनी डिझेल मालवाहू तीनचाकी रीतसर मोडीत काढून विजेवरची गाडी घेतली आहे. त्या प्रक्रियेत जे समजले ते येथे क्रमाने मांडत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. भंगाराची किंमत सोडली, तर या योजनांतील कोणतीही रक्कम सहसा रोख स्वरूपात आपल्या हातात येत नाही. ती गाडीच्या बिलातून, करातून किंवा शुल्कातून वजा होते. म्हणून कामे कोणत्या क्रमाने करता, याला या प्रक्रियेत फार महत्त्व आहे. बिल फाटल्यावर आणि नोंदणी झाल्यावर मागितलेली सवलत बहुधा मिळत नाही.

१. कोणती मदत कशासाठी आहे, हे आधी वेगळे करा

या विषयात तीन स्वतंत्र योजना एकमेकींत मिसळून सांगितल्या जातात.

पहिली योजना जुन्या गाडीची आहे. केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले आणि नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागू झाले. अशा केंद्रात गाडी जमा केली की ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते. सगळे त्याला सीडी म्हणतात. ही सीडी दाखवून नवी गाडी घेतल्यास नोंदणी शुल्क माफ होते. मोटार वाहन करात खाजगी गाडीला जास्तीत जास्त २५ टक्के आणि व्यवसायाच्या गाडीला जास्तीत जास्त १५ टक्के सूट देण्याची मुभा केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून राज्यांना दिली आहे. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. प्रत्यक्ष टक्केवारी राज्य सरकार ठरवते. त्यामुळे तुमच्या गाडीच्या वर्गाला आज किती सूट लागू आहे, हे आरटीओच्या कर विभागातच विचारावे. राज्यांनी हे काम नेटाने करावे म्हणून केंद्राने भांडवली खर्चाच्या बिनव्याजी कर्जयोजनेत २०२२-२३ साठी २,००० कोटी आणि २०२३-२४ साठी ३,००० कोटी रुपये या कारणासाठी ठेवले होते. तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि वाहनधारकाच्या वाट्याला करसवलत येते.

दुसरी योजना विजेवरच्या गाड्यांच्या खरेदीला मदत देणारी, केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेसाठी १०,९०० कोटी रुपयांची तरतूद आहे. योजनेची एकूण मुदत पुढे ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवण्यात आली, परंतु दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांसाठीची मदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच्याच खरेदीसाठी ठरवलेली होती. वाढीव मुदत मुख्यतः ट्रक, बस, रुग्णवाहिका आणि चार्जिंग केंद्रे यांच्यासाठी आहे. शिवाय ठरलेला निधी किंवा गाड्यांची संख्या पूर्ण झाली, की त्या गटाची मदत मुदतीआधीही थांबते. ‘केंद्राची सबसिडी चालूच आहे’ असे कोणी तीनचाकी विकताना सांगितले, तर ते कोटेशनवर लिहून मागावे.

तिसरी योजना महाराष्ट्राचे विद्युत वाहन धोरण २०२५. ते १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०३० या काळासाठी आहे आणि त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद केलेली आहे. दुचाकीला कमाल १०,००० रुपये आणि तीनचाकीला कमाल ३०,००० रुपये प्रोत्साहन असे त्याचे स्वरूप आहे. त्याखेरीज विजेवरच्या गाड्यांना मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क यांतून सूट आहे. याच धोरणातून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरच्या चारचाकी आणि बस यांना पथकर माफ झाला. त्या बातमीमुळे आपल्याकडेही पुष्कळांची आशा वाढली. पण यांतला एकही रस्ता खान्देशातून जात नाही. धुळे-जळगाव-भुसावळ अशी फेरी मारणाऱ्याने तो हिशेबात धरू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तुम्ही विजेवरची गाडी घेणार असाल आणि तिचा कर व नोंदणी शुल्क आधीच माफ असेल, तर सीडीवरची करसवलत लागू करायला काही उरतच नाही. तरीही काही विक्रेते दोन्ही सवलतींची बेरीज करून मोठा आकडा सांगतात. हा दुहेरी हिशेब आहे आणि सामान्य माणूस त्याला सहज भुलतो. सीडीचा खरा उपयोग तीन प्रकारे होतो. तुम्ही डिझेल, पेट्रोल किंवा सीएनजीवरची नवी बीएस-६ गाडी घेत असाल, तर करात सूट मिळते. तुम्ही विजेवरचा ट्रक घेत असाल, तर पीएम ई-ड्राइव्हमधील मदतीसाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. ही मदत साडेतीन टनांवरील गाड्यांसाठी असून वजनानुसार कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत जाते. या दोन्ही गोष्टी लागू नसतील, तर सीडी दुसऱ्याला विकता येते. तिचे हस्तांतर ऑनलाइन होते आणि त्यासाठी सरकारी मंच उपलब्ध आहे. कोणती गाडी घ्यायची हे ठरल्याशिवाय सीडी वापरायची की विकायची हे ठरत नाही. म्हणून भंगार केंद्राकडे निघण्याआधी एवढा निर्णय पक्का करावा.

२. जुन्या गाडीचे कागद मोकळे करा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला लागतो, आणि खान्देशात तो अधिकच लागतो. याचे कारण आपल्या व्यवहाराची पद्धत आहे. गाडी टीटी फॉर्मवर (नाव बदलण्याच्या अर्जावर) सही घेऊन विकली जाते, पैसे दिले-घेतले जातात आणि आरसीवरचे नाव वर्षानुवर्षे पहिल्या मालकाचेच राहते. भंगार केंद्र मात्र ‘वाहन’ या सरकारी नोंदणी पोर्टलवर ज्याचे नाव आहे त्यालाच मालक मानते. सीडीही त्याच्याच नावाने निघते.

कामाची सुरुवात ‘एमपरिवहन’ ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून करावी. एमएच-१८, एमएच-१९ आणि एमएच-३९ या धुळे, जळगाव व नंदुरबारच्या जुन्या मालिकांतील काही गाड्यांच्या नोंदी संगणकावर अपुऱ्या आढळतात. चेसिस क्रमांक किंवा मालकाचे नाव चुकलेले असल्यास ते आधी आरटीओकडून दुरुस्त करून घ्यावे लागते. त्यानंतर पुढील गोष्टी एकेक करून तपासाव्यात.

मालकी: गाडी विकत घेतलेली असेल आणि मूळ मालक हयात असेल, तर फॉर्म २९ व ३० भरून ती नावावर करून घ्यावी. मालक वारला असेल, तर वारसाने फॉर्म ३१ भरावा. त्यासोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांचे संमतीपत्र लागते. वडिलांच्या नावावरची गाडी घरातच असली, तरी हा टप्पा चुकत नाही.

बोजा: कर्ज कधीच फिटलेले असते, पण आरसीवर बँकेचे, पतसंस्थेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव तसेच असते. त्या संस्थेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवावा. संस्था बंद झाली असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल, तर पत्र कोणाकडून घ्यायचे याचा शोध आजच सुरू करावा. अशा प्रकरणांत महिने जातात.

थकबाकी: मोटार वाहन कर, पर्यावरण कर आणि वाहतूक पोलिसांची ई-चलने तपासावीत. महाराष्ट्रात व्यवसायाच्या गाडीला आठ वर्षांनंतर आणि खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो आणि तो अनेकांचा भरायचा राहून गेलेला असतो. चलनांची रक्कम मोठी असेल, तर लोकअदालतीची तारीख विचारून पाहावी.

गुन्हा किंवा ब्लॅकलिस्ट: अपघाताचा खटला चालू असेल किंवा गाडी काळ्या यादीत असेल, तर भंगार केंद्र ती स्वीकारत नाही. चोरीच्या गाड्यांच्या राष्ट्रीय नोंदीशीही तपासणी होते.

गुजरात किंवा मध्य प्रदेशची नोंदणी असलेल्या गाड्या नवापूर, शहादा आणि शिरपूर भागात पुष्कळ दिसतात. गाडी कोणत्याही राज्यात नोंदलेली असली, तरी ती देशातील कोणत्याही नोंदणीकृत केंद्रात जमा करता येते. मात्र परराज्यातील गाडीच्या सीडीवर महाराष्ट्रात करसवलत मिळण्याच्या अटी आरटीओत आधी विचाराव्यात.

३. गाडी नोंदणीकृत केंद्रातच जमा करा

केंद्रांची यादी परिवहन मंत्रालयाच्या वाहन-स्क्रॅप पोर्टलवर राज्यनिहाय पाहता येते. आपल्या गावापासूनचे अंतर, गाडी ओढून नेण्याची सोय आणि देऊ केलेला भाव या तिन्ही बाबी दोन-तीन केंद्रांना विचारून ताडून पाहाव्यात. चालू स्थितीतील गाडी आणि इंजिन काढलेला सांगाडा यांचा भाव सारखा नसतो. धोरणात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असा भंगार किमतीचा अंदाज दिलेला होता. प्रत्यक्ष भाव लोखंडाच्या दरावर आणि गाडीच्या वजनावर ठरतो.

येथे एक मोह टाळावा. एमआयडीसीतील किंवा बाजारातील भंगारवाला कधी कधी दोन-चार हजार रुपये जास्त देतो, तेही हातोहात. पण त्या व्यवहाराने गाडीची सरकारी नोंद बंद होत नाही. चेसिस किंवा नंबर पाटी कोणी दुसऱ्या गाडीला लावली आणि त्या गाडीने अपघात केला, तर पोलीस नोंदीवरच्या मालकाच्या दारात येतात. कराची आकारणीही चालूच राहते आणि सीडी तर मिळतच नाही. तेवढ्या जादा रकमेसाठी हा धोका पत्करू नये, असे माझे ठाम मत आहे.

जमा करताना सोबत न्यायचे कागद असे आहेत:

- मूळ आरसी (हरवली असल्यास पोलीस तक्रार आणि दुय्यम आरसी)
- मालकाचे आधार आणि पॅन
- रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत
- बोजा उतरवल्याचा पुरावा
- वारसाची गाडी असल्यास नाव चढल्यानंतरची आरसी
- मालक स्वतः जाणार नसेल, तर अधिकारपत्र आणि जाणाऱ्याचे ओळखपत्र

गाडी देण्याआधी चारही बाजूंचे आणि चेसिस क्रमांकाचे फोटो काढावेत. फास्टॅग बंद करावा आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. पैसे बँक खात्यातच घ्यावेत.

केंद्राकडून दोन वेगवेगळी प्रमाणपत्रे निघतात. गाडी जमा झाली की सीडी मिळते. गाडी प्रत्यक्ष मोडल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ व्हेइकल स्क्रॅपिंग’ मिळते. नव्या गाडीवरची सवलत पहिल्यावर आहे आणि जुनी गाडी संपल्याचा पुरावा दुसरे आहे. म्हणून दोन्ही मागून घ्यावीत. सीडीला मुदत असते, ती त्यावर छापलेली असते. काही आठवड्यांनी ‘एमपरिवहन’वर जुना क्रमांक पुन्हा टाकून नोंदणी बंद झाल्याची खात्री करावी. नोंद तशीच दिसत असेल, तर दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती जोडून आरटीओत अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

४. कोटेशन घेताना प्रत्येक सवलतीची ओळ वेगळी मागा

विजेवरची तीनचाकी घेणाऱ्याने सर्वप्रथम गाडीचा वर्ग विचारावा. बाजारात ज्याला ई-रिक्षा किंवा ई-कार्ट म्हणतात, ती ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावत नाही. शहरातील गल्ल्यांसाठी ती ठीक आहे. पण भुसावळहून जळगावला महामार्गाने माल आणायचा असेल, तर त्यापेक्षा वेगवान, एल-५ वर्गातील गाडीच लागते. दोन्ही वर्गांच्या किमती, परवान्याचे नियम आणि मदतीच्या रकमा वेगळ्या असतात. ही चौकशी न करता स्वस्त दिसते म्हणून ई-कार्ट घेणारे लोक पुढे अडचणीत येतात.

लेड-ॲसिड बॅटरीच्या गाड्या पीएम ई-ड्राइव्हसारख्या मदतीस पात्र नसतात. लिथियम बॅटरी असल्यास ती एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाप्रमाणे तपासलेली आहे का, हे कागदावर पाहावे. या मानकाच्या सुधारित अटींचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला आहे, म्हणून त्याआधी बनलेली, शोरूममध्ये पडून राहिलेली गाडी घेऊ नये.

कोटेशनवर शोरूम किंमत, ५ टक्के जीएसटी, केंद्राची मदत असल्यास ती, राज्याचे प्रोत्साहन, सीडीवरची सूट, विमा आणि नोंदणी अशा सर्व ओळी स्वतंत्र असाव्यात. ‘सर्व सवलतींसह’ असा एकच आकडा लिहिलेले कोटेशन स्वीकारू नये. राज्याचे प्रोत्साहन आता वजा होणार की मंजुरीनंतर, आणि मंजुरी न मिळाल्यास फरक कोण भरणार, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. मला एका विक्रेत्याने गाडीच्या कर्जावरील दीड लाख रुपयांपर्यंतच्या व्याजावर आयकरात सूट मिळते असेही सांगितले होते. ती कलम ८०ईईबीची सवलत फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती. जुनी पत्रके अजूनही वाटली जातात, त्यामुळे प्रत्येक सवलतीची मुदत विचारण्याची सवय ठेवावी.

पीएम ई-ड्राइव्हमधील मदत ई-व्हाउचरने मिळते. खरेदीच्या वेळी पोर्टलवर आधार पडताळणी होते आणि व्हाउचरची लिंक मोबाइलवर येते. त्यावर खरेदीदार सही करून ते विक्रेत्याला देतो, विक्रेताही सही करून ते अपलोड करतो. त्यानंतर कंपनी सरकारकडून रक्कम मागते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद असेल, तर सगळेच अडते. शोरूमला जाण्याआधी आधार केंद्रावर क्रमांक अद्ययावत करून घ्यावा.

५. नोंदणी आणि विमा

सीडी वापरायची असेल, तर नोंदणीचा अर्ज भरण्यापूर्वीच तिचा क्रमांक विक्रेत्याला द्यावा आणि कराच्या पावतीवर सूट दिसते का ते पाहावे. एकदा वापरलेली सीडी पुन्हा वापरता येत नाही.

विजेवरच्या व्यवसायाच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. अशा गाड्यांना ऑक्टोबर २०१८ पासून परमिट लागत नाही. परमिट काढून देतो म्हणून कोणी एजंट पैसे मागत असेल, तर देऊ नयेत. मात्र पासिंग, विमा आणि चालकाचा योग्य परवाना या गोष्टी लागतातच. विजेवरच्या गाड्यांना थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट आहे, ती पॉलिसीवर तपासून घ्यावी.

६. चार्जिंग आणि खान्देशचा उन्हाळा

कंपनी सांगते ते अंतर चाचणीच्या परिस्थितीतले असते. पूर्ण भार, महामार्गावरचा वेग आणि मे महिन्यातील ऊन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते बरेच कमी होते. माझा सल्ला असा, की रोजच्या फेरीचे जाता-येताचे अंतर मोजावे आणि त्यावर किमान तिसरा हिस्सा राखीव धरून गाडी निवडावी. धडगाव, तोरणमाळसारख्या सातपुड्यातील चढाच्या रस्त्यांसाठी त्याहूनही जास्त राखीव लागते. तेथे गाडी घेण्याआधी भरलेल्या मालासह प्रत्यक्ष चाचणी मागावी.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो. उष्णता ही लिथियम बॅटरीची शत्रू आहे. दुपारच्या फेरीवरून आल्या आल्या चार्जर लावू नये. गाडी सावलीत तास-दोन तास थंड होऊ द्यावी आणि चार्जिंग शक्यतो रात्री करावे. पत्र्याच्या बंद शेडमध्ये चार्जिंग करू नये, हवा खेळती असलेली जागा निवडावी. बॅटरीच्या हमीपत्रात तापमानाची अट आणि सर्व्हिसची अट काय लिहिली आहे, हे खरेदीआधी वाचावे. सर्व्हिस केंद्र नाशिकला किंवा सुरतला असेल, तर गाडी बंद पडल्यावर ती ओढून नेण्याचा खर्च आपल्यालाच पडतो.

घरी चार्जिंगसाठी वेगळी वायर, योग्य अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावेत. घरच्या जोडणीचा मंजूर भार कमी असेल, तर महावितरणच्या उपविभाग कार्यालयात भार वाढवण्याचा अर्ज द्यावा. शेतातल्या पंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याची कल्पना गावाकडे पुष्कळांना सुचते. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी मागील काळासाठी, वाढीव दराने होते. शिवाय कृषी फिडरवर वीज ठरलेल्या तासांतच येत असल्याने पहाटे माल भरायचा असेल, त्या वेळी गाडी पूर्ण चार्ज झालेली असेलच असे नाही. वस्तीवर राहणाऱ्यांनी गाडी बुक करण्याआधीच स्वतंत्र घरगुती जोडणीचा अर्ज करावा, कारण खांब आणि वायर ओढण्याच्या कामाला अनेकदा गाडीच्या डिलिव्हरीपेक्षा जास्त वेळ लागतो.